राजपुत्र डाकार आणि मराठी वाचक : एका वैज्ञानिक साहसकादंबरीच्या वाचनाचा इतिहास

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात वैज्ञानिक साहसकादंबरी हा वाङ्मयप्रकार दृढमूल झाला. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) हा या प्रकाराचा प्रमुख प्रवर्तक होय, आणि त्याने निर्माण केलेल्या पात्रांत सर्वांत अधिक ख्याती लाभलेले पात्र म्हणजे 'नॉटिलस' या पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो. हा नेमो जन्माने भारतीय आहे. बुंदेलखंडातील एका राजाचा तो पुत्र असून १८५७ च्या उठावात तो इंग्रजांविरुद्ध लढलेला आहे. असे असूनही मराठी वाचकाच्या मनात नेमोचे नाव निघताच जे चित्र उभे राहते ते समुद्रतळावरील अद्भुत सफरीचे असते. पराभूत स्वातंत्र्ययोद्ध्याचे क्वचितच असते.

हा प्रश्न केवळ एका पात्रापुरता मर्यादित नाही. विज्ञान आणि तत्त्वचिंतन यांचा मेळ घालणारी कादंबरी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते, प्रौढ वाचकाच्या हातातून कुमार वाचकाच्या हातात जाते, तेव्हा तिच्यातून नेमके काय गळून पडते, हा त्यामागील व्यापक प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम मूळ ग्रंथांची घडण, नंतर त्यांची इंग्रजी रूपे आणि शेवटी मराठीतील त्यांचे आगमन, या क्रमाने विचार करणे सोयीचे ठरते.

२

नेमोची कथा दोन कादंबऱ्यांत विभागलेली आहे. समुद्राखालील वीस हजार लीगच्या प्रवासाची कादंबरी १८६९–७० मध्ये, आणि गूढ बेटाची कादंबरी १८७४–७५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. दोन्हींचा प्रकाशक प्येर-ज्यूल हेत्झेल हा होता, आणि ज्या नियतकालिकात त्या प्रसिद्ध झाल्या त्याच्या नावातच 'शिक्षण' आणि 'रंजन' हे दोन्ही शब्द होते. भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि खगोल या शास्त्रांनी संपादन केलेले ज्ञान मनोरंजक रीतीने वाचकापुढे मांडावे, असा या कादंबरीमालेचा घोषित हेतू होता. त्यामुळे समुद्रातील प्राणी व वनस्पती यांचे वर्गीकरण, पाण्याच्या दाबाचे गणित, विजेवर चालणाऱ्या यंत्रांची रचना यांनी व्हर्नची पाने भरलेली आहेत.

परंतु या ज्ञानाच्या पसाऱ्याखाली एक निराळा प्रश्न वावरत असतो. नेमोपाशी जगातील कोणत्याही राष्ट्रापाशी नाही इतके यांत्रिक सामर्थ्य आहे, आणि ते वापरताना त्याला कोणाचेही बंधन नाही. तो बुडालेल्या जहाजांतील सोने काढून पारतंत्र्यात पिचणाऱ्या लोकांना पोहोचवितो, आणि तोच एका जहाजाला त्याच्यावरील माणसांसह जलसमाधी देतो. न्याय व सूड यांच्यातील सीमारेषा कोणी आखावयाची? सामर्थ्य ज्याच्या हाती आहे त्यानेच न्यायाधीशही व्हावे काय? नेमोच्या जहाजावर बंदिवान असलेला प्राध्यापक आरोनाक्स या प्रश्नाने व्यथित होतो, पण त्याला उत्तर सापडत नाही. कादंबरीतील विज्ञान काढून टाकले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि हा प्रश्न काढून टाकला तर उरते ती केवळ जलचरांची यादी.

३

नेमोचे राष्ट्रीयत्व कसे ठरले, याचा इतिहास उद्बोधक आहे. व्हर्नच्या मूळ योजनेप्रमाणे नेमो हा पोलिश उमराव होता. १८६३ साली रशियन सत्तेविरुद्ध पोलंडात झालेला उठाव निर्दयपणे चिरडण्यात आला होता, आणि नेमोचा सूड त्या अत्याचाराचा होता. हेत्झेलने या योजनेस विरोध केला. रशियाशी फ्रान्सचे राजकीय संबंध आणि रशियातील पुस्तकविक्री या दोन्ही दृष्टींनी ती त्याला अडचणीची वाटली. परिणामी पहिल्या कादंबरीत नेमोचा देश अनुक्तच राहिला.

तथापि देश अनुक्त राहिला तरी दास्याची जाणीव तेथे स्पष्ट आहे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क मासा चाल करून येतो तेव्हा नेमो स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला वाचवितो आणि त्याच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो. मागाहून त्याचे कारण सांगताना, तो माणूस दडपलेल्या देशाचा रहिवासी आहे आणि आपणही अखेरच्या श्वासापर्यंत अशाच देशाचे आहोत, या आशयाचे उद्गार तो काढतो. दुसऱ्या कादंबरीत होणारा उलगडा या प्रसंगाशी सुसंगत आहे.

गूढ बेटाच्या कादंबरीत अमेरिकन यादवी युद्धाच्या अखेरच्या पर्वात, १८६५ च्या मार्चमध्ये, रिचमंड शहरातून बलूनच्या साहाय्याने निसटलेली पाच माणसे पॅसिफिक महासागरातील एका निर्जन बेटावर येऊन पडतात. त्यांचा नेता सायरस स्मिथ हा अभियंता आहे. विटा भाजण्यापासून लोखंड गाळण्यापर्यंत आणि पुढे स्फोटक द्रव्ये व तारायंत्र तयार करण्यापर्यंत मानवी संस्कृतीच्या सर्व पायऱ्या ही मंडळी आपल्या श्रमाने चढतात. त्यांना संकटात अदृश्य हात साहाय्य करीत असतो. तो हात मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या वृद्ध नेमोचा आहे, हे अखेरीस कळते. त्या वेळी नेमो आपली हकीकत सांगतो. राजपुत्र डाकार हे त्याचे खरे नाव. वयाच्या दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत तो युरोपात शिकला; मागासलेल्या आपल्या देशास युरोपच्या पंक्तीस बसवावे हा त्या शिक्षणाचा उद्देश होता. १८४९ साली तो बुंदेलखंडात परतला. १८५७ च्या रणसंग्रामात तो स्वतः लढला; त्यात त्याचे कुटुंब नष्ट झाले. मग निष्ठावंत सहकाऱ्यांसह तो पॅसिफिकमधील एका बेटावर गेला आणि तेथे 'नॉटिलस'ची निर्मिती झाली.

ही हकीकत ऐतिहासिक दृष्टीने निर्दोष नाही. बुंदेलखंडातील राजपुत्राला व्हर्नने म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी नात्याने जोडले आहे. 'डाकार' हे नावही बुंदेलखंडातील वाटत नाही. दोन्ही कादंबऱ्यांतील सनांचा मेळ बसत नाही, ही विसंगती प्रकाशकालाही टीप देऊन मान्य करावी लागली. नेमोचे भारतीयत्व मागाहून ठरले याचाच हा पुरावा होय. व्हर्नचे भारतज्ञान प्रवासवर्णने आणि नकाशे यांवर पोसलेले होते. त्यामुळे नेमो म्हणजे प्रत्यक्ष भारतीय मनाचे चित्र असे मानणे धाडसाचे होईल. तरीही एका गोष्टीचे महत्त्व कमी होत नाही. १८५७ नंतर अवघ्या अठरा वर्षांनी एका युरोपीय कादंबरीकाराने त्या उठावातील योद्ध्याला युरोपातील विद्वानांपेक्षा श्रेष्ठ वैज्ञानिक म्हणून उभे केले. त्याच बुंदेलखंडात, झाशीच्या वेढ्याच्या काळात, वरसईचे विष्णुभट गोडसे प्रत्यक्ष उपस्थित होते. पण त्यांचा 'माझा प्रवास' छापून प्रसिद्ध होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ १९०९ साली इंग्रजी रूपात बाहेर पडला, आणि त्यावर बंदी आली.

नेमोच्या अखेरच्या उद्गारालाही असाच इतिहास आहे. व्हर्नच्या हस्तलिखितात मरणोन्मुख नेमो 'स्वातंत्र्य' हा एकच शब्द उच्चारतो. हेत्झेलच्या आग्रहामुळे छापील ग्रंथात तेथे देव आणि देश यांचे स्मरण आले. बंडखोराला मृत्यूच्या क्षणी भाविक करण्यात आले, असे या बदलाचे वर्णन करावयास हरकत नाही.

४

फ्रेंच प्रकाशकाने जे केले त्यावर इंग्रजी भाषांतरकारांनी कळस चढविला. समुद्राखालील प्रवासाचे पहिले इंग्रजी भाषांतर लुई मर्सियर या धर्मोपदेशकाचे असून ते १८७२ च्या अखेरीस बाहेर आले. त्यात मूळ मजकुराचा एक पंचमांशाहून अधिक भाग गाळलेला आहे. उरलेल्या भागातील चुकाही मासलेवाईक आहेत. पाणबुड्याच्या पोशाखासाठी असलेल्या फ्रेंच शब्दाचे त्याने 'बुचाचे जाकीट' असे भाषांतर केले. बुचाचे जाकीट घातलेला मनुष्य पाण्यावर तरंगेल, तळाशी जाणार नाही, हे भाषांतरकाराच्या ध्यानात आले नाही. व्हर्नचे शास्त्रीय ज्ञान कच्चे आहे अशी जी समजूत इंग्रजी वाचकांत पसरली तिच्या मुळाशी अशा चुकांचा वाटा मोठा आहे. १९६० नंतरच्या दशकात वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकाने मूळ ग्रंथाशी ताडून हा प्रकार उघडकीस आणला.

गूढ बेटाच्या कादंबरीचे १८७५ चे इंग्रजी भाषांतर याहून गंभीर आहे. ते डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन याच्या नावावर प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात हे काम त्याची पत्नी ॲग्नेस हिचे होते, असे आता मानले जाते. या भाषांतरात सायरस स्मिथचे नाव बदलले ते सोडून देता येईल. परंतु डाकारच्या आत्मकथनाचा रोखच येथे फिरविला आहे. मूळ ग्रंथात इंग्रजी सत्ता हे जोखड आहे आणि उठाव हा त्याविरुद्धचा संघर्ष आहे. भाषांतरात तीच सत्ता अराजक मोडून शांतता व सुबत्ता आणणारी ठरते, आणि उठाव करणारे लोक महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांच्या चिथावणीला बळी पडलेले दिसतात. डाकारच्या हकीकतीतील त्याची बाजूच अशा रीतीने नाहीशी करण्यात आली. हेच भाषांतर इंग्रजी जगात दीर्घकाळ प्रचलित राहिले. मूळ मजकुराशी इमान राखणारी पूर्ण नवी इंग्रजी भाषांतरे २००१ साली प्रसिद्ध झाली.

५

मराठीत व्हर्न आला तो इंग्रजीच्या वाटेने. त्याच्या आगमनापूर्वी मराठी वाचकाजवळ ज्ञान आणि अद्भुत यांचे दोन स्वतंत्र साठे होते. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दिग्दर्शन' (१८४०) मासिकापासून शास्त्रीय विषयांवरील सुबोध लेखनाची परंपरा सुरू झाली होती. दुसरीकडे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांनी अद्भुताची गोडी लावली होती. 'मंजुघोषा' आणि नेमोची पहिली कादंबरी यांच्यात एकच वर्षाचे अंतर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन वाङ्मयांतील तफावत स्पष्ट होते. मराठीत ज्ञान नियतकालिकांत आणि अद्भुत कादंबरीत असे वाटप झाले होते. दोहोंचा सांधा जुळला नव्हता.

तो जुळविण्याचा पहिला मान साधारणतः 'केरळ कोकिळ' या मासिकाला दिला जातो. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये कोचीन येथे सुरू केलेल्या या मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूप 'चंद्रलोकची सफर' या नावाने आले. हे मासिक प्रौढ, बहुश्रुत वाचकांचे होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच सुमारास, १९०२ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' हा आपला निबंध लिहिला. त्यानंतर मराठी समीक्षेचे लक्ष अद्भुत आणि वास्तव यांच्या वादाकडे वळले, आणि त्यात वास्तवाची बाजू वरचढ ठरली. वैज्ञानिक कादंबरीला या वादात निश्चित जागा मिळाली नाही. ती अद्भुत म्हणावी तर शास्त्राच्या नियमांनी बांधलेली, आणि वास्तव म्हणावी तर अद्याप न घडलेल्या गोष्टी सांगणारी.

जागा न मिळालेला हा प्रकार अखेरीस कुमारवाङ्मयाच्या दालनात गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' इत्यादी रूपांतरांनी व्हर्नला मराठी मुलांचा सखा बनविले. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भागवतांची भाषा खेळकर व अस्सल मराठी वळणाची आहे, आणि कित्येक पिढ्यांना शास्त्राची पहिली ओढ या पुस्तकांनी लावली. परंतु कुमारांसाठी केलेल्या संक्षेपाचा स्वभावधर्मच असा असतो की, त्यात प्रसंग टिकतात आणि चिंतन आटते. दोष रूपांतरकाराचा नाही. प्रौढांसाठी निराळे, संपूर्ण भाषांतर करण्याची निकड मराठी साहित्यव्यवहाराला वाटली नाही, हा आहे.

६

या घटनेचा भार सर्व वाचकांवर सारखा पडला नाही. मुंबई-पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सदोष का होईना, इंग्रजी प्रत मिळू शकत होती, आणि पुढे सुधारलेल्या आवृत्त्याही त्याच्या आटोक्यात आल्या. वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील गाव उदाहरणादाखल घेता येईल. अशा गावी ज्या वाचकाचे वाचन मराठीतूनच होत होते, त्याच्यापुरता मराठी व्हर्न हाच संपूर्ण व्हर्न होता. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रामीण ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला, आणि पुस्तक गावापर्यंत पोहोचण्याची वाट सुकर झाली. पण जे पुस्तक मराठीत झालेलेच नाही ते कोणत्याही अनुदानाने गावात पोहोचत नाही.

येथे एक विपर्यास नमूद करण्याजोगा आहे. मराठी प्रदेश व्हर्नच्या नकाशावर होता. १८७२ सालच्या त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत फिलिअस फॉगची आगगाडी मुंबईहून निघून खानदेशातून बुऱ्हाणपूर व असीरगडाकडे जाते. वऱ्हाडची सीमा तेथून दूर नाही. १८८० सालच्या वाफेच्या घराच्या कादंबरीचा आरंभ तर तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होतो. तेथे नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झालेले आहे, आणि पुढे कथा वेरूळच्या लेण्यांत शिरते. या कादंबरीतील नानासाहेब मात्र नेमोच्या उदात्ततेला पोहोचत नाहीत. ते सूडाने पेटलेले, भयप्रद पुरुष आहेत. १८५७ च्या दोन योद्ध्यांची इतकी भिन्न चित्रे एकाच लेखकाने पाच वर्षांच्या अंतराने का रेखाटली, हा मराठी अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न आहे. कथा मराठी मुलखातून गेली, पण मराठी वाचकापर्यंत ती तिच्या पूर्ण अर्थासह आली नाही.

७

या गळतीमुळे झालेली हानी कोणत्या स्वरूपाची आहे, हे एका तुलनेने स्पष्ट होते. गूढ बेटाच्या कादंबरीत दोन ज्ञानी पुरुष समोरासमोर येतात. नेमोने ज्ञान मिळविले आणि समाजाचा त्याग केला. स्मिथने ज्ञान मिळविले आणि ते चार सोबत्यांच्या पोटापाण्यासाठी राबविले. मरताना नेमो स्वतःच कबूल करतो की, एकट्याने जगता येते या समजुतीने आपला घात केला. स्मिथ त्याच्या शौर्याचा आदर करतो, परंतु गतकाळ पुन्हा जिवंत करता येईल असे मानण्यात त्याची चूक झाली, असा निवाडाही देतो. या निवाड्यात 'प्रगती' आणि 'परकी सत्ता' यांची गल्लत झालेली आहे, असा आक्षेप भारतीय वाचक रास्तपणे घेऊ शकतो. राजपुत्र डाकार विज्ञानाचा विरोधक नव्हता. तो आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ वैज्ञानिक होता. त्याला नको होते ते पारतंत्र्य. स्मिथने, म्हणजे पर्यायाने व्हर्नने, हा भेद पुरेसा ओळखला नाही.

ज्ञान झाल्यावर ज्ञानी पुरुषाने कर्म करावे की संन्यास घ्यावा, हा प्रश्न मराठी विचारविश्वात परका नव्हता. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ याच प्रश्नाभोवती उभा आहे. ज्ञानोत्तरही लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहिले पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त. त्या दृष्टीने पाहता नेमो हा ज्ञानी असूनही लोकसंग्रहाला मुकलेला पुरुष ठरतो, आणि त्याचे अंतकाळीचे शल्य नेमके हेच आहे. व्हर्न आणि टिळक यांचा परस्परांशी काही संबंध होता असे यातून सुचवावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, ज्या पिढीने 'गीतारहस्या'वर वर्षानुवर्षे वाद घातला, तिच्यापुढे नेमोची कथा पूर्ण रूपात आली असती तर ती केवळ मुलांची करमणूक म्हणून वाचली गेली नसती. प्रश्न ओळखणारा वाचक मराठीत तयार होता. ग्रंथ मात्र त्याच्यापर्यंत आला नाही.

८

हा तुटलेला सांधा पुन्हा जुळण्यास १९७० नंतरचे दशक यावे लागले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने विज्ञानकथास्पर्धा सुरू केल्या, आणि १९७४ साली जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. 'वामन परत न आला' (१९८६) या त्यांच्या कादंबरीत साहसकथेची सर्व सामग्री आहे: उत्खननात सापडलेला प्राचीन प्रगत संस्कृतीचा ठेवा, त्याची उकल, त्यावरून घडविलेला यंत्रमानव, आणि त्या यंत्रमानवाची स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची आकांक्षा. पुराणातील वामनाचे नाव येथे अलंकार म्हणून आलेले नाही. लहान रूपात आलेल्या याचकाला दान द्यावे, आणि त्याने पाहता पाहता दात्याचे सर्वस्व व्यापावे, हा अर्थ कादंबरीच्या वैज्ञानिक कल्पनेतच गुंफलेला आहे. नेमोच्या कथेत सामर्थ्य एका माणसाच्या हाती एकवटते. येथे ते माणसाच्या हातातूनच निसटू पाहते. प्रश्न तोच आहे, परिस्थिती शंभर वर्षांनी पुढे गेलेली आहे.

नारळीकरांच्या लेखनाने विज्ञानकथा हे प्रौढांचे वाङ्मय होऊ शकते, हे मराठीत सिद्ध केले. परंतु जी परंपरा या लेखनाच्या मागे असावयास हवी होती, तिच्यातील एक महत्त्वाचा दुवा अद्याप रिकामा आहे. तो भरून काढण्यासाठी दोन कामे हाती घेण्यासारखी आहेत. पहिले काम मजकुराच्या तुलनेचे : फ्रेंच मूळ, प्रचलित इंग्रजी भाषांतरे आणि उपलब्ध मराठी रूपांतरे एकमेकांशी ताडून, कोणता उतारा कोणत्या टप्प्यावर गळाला याची नोंद करणे. 'केरळ कोकिळा'च्या जुन्या अंकांपासून त्याचा आरंभ करता येईल. दुसरे काम भाषांतराचे : गूढ बेटाच्या कादंबरीचे थेट फ्रेंचमधून, संपूर्ण आणि प्रौढ वाचकासाठी मराठी भाषांतर होणे. त्यात डाकारची हकीकत किंग्स्टनने फिरविलेल्या रूपात न येता व्हर्नने लिहिलेल्या रूपात यावी, आणि अखेरच्या पानावर हस्तलिखितातील तो एक शब्द निदान टिपेत तरी वाचकाला मिळावा. जऊळक्याच्या वाचकालाही तो शब्द वाचून नेमोच्या आयुष्याचा निवाडा स्वतः करता आला पाहिजे.